न मागता आलेली जपमाळ

अमेरिकेतील एखाद्या कॅथलिक मिशन संस्थेचे देणगीपत्र पाकीट न उघडताही ओळखू येते. कागदाखाली काहीतरी टणक लागते. आत प्लॅस्टिकच्या मण्यांची जपमाळ असते, नाहीतर पवित्र मरियेचे ॲल्युमिनियमचे पदक, संत युदा किंवा असिसीच्या संत फ्रान्सिसचे चित्र, छोटा क्रूस, नाव-पत्ता छापलेली लेबले, नाताळची शुभेच्छापत्रे असे काही. काही पाकिटांत एखाद्या संताच्या अवशेषाला स्पर्श करवलेल्या कापडाचा कपटा कार्डावर चिकटवलेला असतो. सोबत दोन-तीन पानांचे पत्र, प्रार्थनेचे हेतू लिहिण्यासाठी एक चिठ्ठी आणि परतीचे पाकीट. भेट कोणी मागितलेली नसते. देणगी दिली तरच ती ठेवा, असेही कुठे म्हटलेले नसते. तरीही ती घरात आल्यापासून दोन प्रश्न उभे राहतात: आता पैसे पाठवायलाच हवेत का, आणि पाठवायचे नसतील तर या वस्तूचे करायचे काय? हे दोन प्रश्न नेहमी एकत्र येतात, पण त्यांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पहिल्याचे उत्तर कायद्यात आणि माणसाच्या स्वभावात सापडते, दुसऱ्याचे धर्माच्या नियमांत.

ही पाकिटे फक्त कॅथलिकांकडेच जातात असे नाही. नावांच्या याद्या भाड्याने मिळतात, संस्था आपापसांत त्यांची अदलाबदलही करतात. या याद्यांत धर्मापेक्षा पिनकोड, वय आणि पूर्वी कुठेतरी टपालाने दिलेली देणगी यांना महत्त्व असते. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी कुटुंबाने मुलांच्या रुग्णालयाला वीस डॉलर पाठवले, तर पुढच्या वर्षी त्यांच्या पत्रपेटीत जपमाळ येऊ शकते. देवघरात गणपती असलेल्या त्या घरात तिचे काय करावे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि टाकून द्यायला हात धजत नाही.

न मागता भेट पाठवण्याच्या या पद्धतीच्या मुळाशी क्षयरोगाविरुद्धची मोहीम आहे. डेन्मार्कमधील टपाल कर्मचारी आयनार हॉल्बोल याच्या कल्पनेतून 1904 मध्ये नाताळच्या टपालावर लावायचे शोभेचे तिकीट निघाले. त्याच्या विक्रीचे पैसे क्षयग्रस्त मुलांसाठी होते. 1907 मध्ये एमिली बिसेल यांनी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात तशीच तिकिटे प्रत्येकी एका सेंटला विकली. पुढे ही तिकिटे विकण्याऐवजी लोकांच्या घरी आधीच पाठवायची आणि ‘वाटल्यास पैसे पाठवा’ म्हणायचे, असा प्रघात पडला. (भारतात क्षयरोग संघटनेची टीबी सील मोहीम दरवर्षी 2 ऑक्टोबरला सुरू होते, ती याच कुळातली.) दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अपंग माजी सैनिकांच्या ‘डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स’ या संघटनेने मोटारीच्या नंबरप्लेटची चिमुकली प्रतिकृती किल्लीला अडकवण्यासाठी पाठवायला सुरुवात केली. नाव-पत्त्याची लेबले त्यानंतर आली.

धार्मिक संस्थांना हे तंत्र फार सोयीचे पडले, कारण त्यांच्याकडे देण्यासारखी वस्तू मुळातच होती आणि ती स्वस्त होती. फादर एडवर्ड फ्लॅनगन यांनी 1917 मध्ये नेब्रास्कातील ओमाहा येथे अनाथ आणि भरकटलेल्या मुलांसाठी ‘बॉइज टाऊन’ काढले. त्यांची नाताळची तिकिटे आणि आवाहनपत्रे दशकानुदशके अमेरिकेच्या घराघरांत गेली. मिसुरी राज्यातील पेरीव्हिल येथे 1918 मध्ये ‘मिरॅक्युलस मेडल’च्या भक्तीसाठी संघटना स्थापन झाली. 1830 मध्ये पॅरिसमध्ये कॅथरिन लाबुरे या व्रतस्थ तरुणीला झालेल्या दर्शनाशी हे पदक जोडलेले आहे, आणि अशा संघटनांच्या दृष्टीने पदक वाटणे हेच भक्तिप्रसाराचे काम. देणगी मागणे आणि धर्मप्रसार करणे यांतली रेघ इथे आधीपासूनच पुसट होती. सेवाभावी संस्थांना मिळणारा टपालाचा सवलतीचा दर आणि नंतर संगणकाने छापलेली वैयक्तिक नावे यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पाकिटांचा पूर आला.

पाकिटात काही घातल्याने खरेच फरक पडतो का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्दिनी यांनी ‘इन्फ्लुअन्स’ या पुस्तकात वर उल्लेखिलेल्या माजी सैनिक संघटनेचे आकडे दिले आहेत. नुसत्या पत्राला सुमारे 18 टक्के लोक प्रतिसाद देत. सोबत नाव छापलेली लेबले गेली की हे प्रमाण 35 टक्क्यांवर जाई. हे आकडे संघटनेने स्वतः दिलेले आहेत, तेव्हा ते थोडे जपून घ्यावेत. अधिक काटेकोर पुरावा जर्मन अर्थशास्त्रज्ञ आर्मिन फाल्क यांच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिळतो. ढाक्यातील रस्त्यावरच्या मुलांच्या शाळांसाठी स्वित्झर्लंडमधील झुरिक परिसरात नाताळापूर्वी सुमारे 10,000 पत्रे धाडली गेली. एक तृतीयांश पत्रांत काहीच नव्हते, एक तृतीयांश पत्रांत मुलांनी काढलेल्या चित्राचे एक पोस्टकार्ड होते आणि उरलेल्यांत अशी चार पोस्टकार्डे. कोणाला काय जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, त्यामुळे तिन्ही गटांतील माणसे सारख्याच प्रकारची. एका पोस्टकार्डाने देणग्यांची संख्या 17 टक्क्यांनी वाढली, चार पोस्टकार्डांनी 75 टक्क्यांनी. पोस्टकार्डांची बाजारातली किंमत लक्षात घेतली तर हा परिणाम अचाट आहे.

इतक्या स्वस्त वस्तूने इतके काम का व्हावे, याचे चाल्दिनींचे उत्तर असे की घेतल्यावर परत देणे हा मानवी समाजांचा फार जुना नियम आहे आणि वस्तू आपण मागितली होती की नाही याची पर्वा तो नियम करत नाही. त्यांनी दिलेले सर्वांत बोलके उदाहरण भारतीय वाचकांच्या ओळखीचे आहे. भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद यांनी 1966 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेल्या ‘इस्कॉन’चे अनुयायी सुरुवातीला रस्त्यांवर नामसंकीर्तन करून पैसे मागत. मुंडण केलेल्या, भगव्या वस्त्रांतल्या तरुणांना पाहून अमेरिकन माणूस बाजूने निघून जाई. मग सत्तरच्या दशकात विमानतळांवर पद्धत बदलली. प्रवाशाच्या हातात आधी एक फूल दिले जाई, नाहीतर गीतेची प्रत किंवा ‘बॅक टु गॉडहेड’ मासिकाचा अंक. प्रवासी ते परत करू लागला तर भक्त हसून नकार देई: ही आमच्याकडून भेट आहे. त्यानंतर देणगीची विनंती. चाल्दिनींच्या निरीक्षणानुसार बरेच लोक वैतागत, पण खिशात हात घालत, आणि पुढच्या वळणावर ते फूल कचऱ्याच्या डब्यात टाकत. डब्यांतून फुले गोळा करून ती पुन्हा वाटायला देणे हेही एका भक्ताचे काम असे. एकच फूल अनेकदा फिरे. पुढे लोक सावध झाले, लांबून वळसा घालू लागले. प्रकरण न्यायालयातही गेले: 1992 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क परिसरातील विमानतळांच्या इमारतींत पैसे मागण्यावरची बंदी ग्राह्य ठरवली, मात्र साहित्य वाटण्यावरची बंदी रद्द केली. देणे आणि मागणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे त्या निकालाने नकळत मान्य केले.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भेटवस्तूंवरील निबंधात देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे ही तीन बंधने सांगितली. त्यासाठी त्यांनी महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचाही आधार घेतला. मात्र ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी 1986 मध्ये दाखवून दिले की धर्मशास्त्रातील दान मोस यांच्या चौकटीत नीट बसत नाही, कारण त्याची परतफेड अपेक्षितच नसते. झाली तर दानाचे पुण्य जाते. उलट ओझे पडते ते घेणाऱ्यावर. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाला बजावले आहे की प्रतिग्रहाचा, म्हणजे दान घेण्याचा, अधिकार असला तरी त्याची सवय लावून घेऊ नये, त्याने ब्रह्मतेज मावळते. टपालाने आलेल्या जपमाळेबद्दल वाटणारा संकोच या दोन्ही परंपरांना एकाच वेळी ओळखीचा आहे: एकीला परतफेड राहिली याची टोचणी लागते, दुसरीला मुळात घेतलेच का याची.

कायदा मात्र अशी कोणतीही टोचणी मानत नाही. अमेरिकेच्या 1970 च्या टपाल पुनर्रचना कायद्यात न मागवलेल्या मालाबद्दल स्वतंत्र कलम आहे (संघीय संहितेच्या 39 व्या विभागातील कलम 3009). कोणी न मागवलेला माल टपालाने पाठवणे ही गैर व्यापारी प्रथा ठरते, अपवाद दोनच. पहिला, स्पष्टपणे तसे लिहिलेले मोफत नमुने. दुसरा, देणगी मागणाऱ्या सेवाभावी संस्थेने पाठवलेली वस्तू. म्हणजे दुकानदाराला जे करता येत नाही ते संस्थेला करता येते. पण घेणाऱ्याचा हक्क तिन्ही बाबतींत सारखाच: ती वस्तू भेट समजून ठेवावी, वापरावी, टाकावी किंवा वाटेल तशी तिची विल्हेवाट लावावी, पाठवणाऱ्याचे काहीही देणे लागत नाही. बिल पाठवता येत नाही, वसुलीची पत्रेही नाहीत. वस्तू परत करण्याचे बंधन नाही. कागदी ‘प्रार्थनेचा गालिचा’ पाठवून, त्यावर गुडघे टेकून प्रार्थना करा आणि दुसऱ्या कुटुंबासाठी तो देणगीसह परत पाठवा, असे सांगणारी पत्रेही अमेरिकेत वर्षानुवर्षे फिरत आली आहेत. परत न पाठवल्यास पुढच्या कुटुंबाचा आशीर्वाद अडेल असा त्यांचा सूर असतो. त्या सुराला कायद्याचे पाठबळ नाही, आणि धर्मशास्त्राचेही नाही.

पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘देणगी दिली नाही तरी ही भेट आपण ठेवावी’ असे वाक्य असते. ते औदार्य म्हणून वाचले जाते, पण त्यामागे करसंहिता आहे. प्राप्तिकराच्या कलम 513(एच) नुसार देणगीच्या आवाहनासोबत स्वस्त वस्तू वाटणे हा संस्थेचा करपात्र व्यवसाय मानला जात नाही, मात्र त्यासाठी अटी आहेत: वस्तू घेणाऱ्याच्या मागणीवरून किंवा संमतीने दिलेली नसावी, तिच्यासोबत देणगीची विनंती असावी, आणि देणगी न देताही ती ठेवता येईल असे लिहिलेले असावे. वस्तूंच्या किमतीची मर्यादा मुळात 5 डॉलर होती, ती महागाईनुसार वाढत आली आहे. थोडक्यात, भेट न मागता येणे ही करसवलतीची अटच आहे. विचारून पाठवली तर ती सवलत राहत नाही.

भारतात अशी पाकिटे आली तर दोन जुने कायदे उपयोगी पडतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 122 प्रमाणे भेट पूर्ण होण्यासाठी घेणाऱ्याने ती स्वीकारावी लागते. दारात येऊन पडलेली वस्तू आपोआप कोणाच्या गळ्यात पडत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 70 वरवर उलटे वाटते: दुसऱ्यासाठी फुकट नसलेले काम कोणी केले आणि त्याने लाभ घेतला तर मोबदला द्यावा लागतो. त्या कलमासोबत दोन उदाहरणे दिली आहेत. व्यापाऱ्याने चुकून आपला माल दुसऱ्याच्या घरी ठेवला आणि त्याने तो आपलाच समजून वापरला, तर पैसे द्यावे लागतील. पण एकाने दुसऱ्याची मालमत्ता आगीतून वाचवली आणि ते काम फुकट करण्याचाच त्याचा हेतू होता असे परिस्थितीवरून दिसले, तर त्याला भरपाई मागता येत नाही. ज्या पाकिटावर संस्थेनेच ‘भेट’ असे छापले आहे, ते दुसऱ्या उदाहरणात मोडते.

पैशाचा प्रश्न असा सुटतो, वस्तूचा मात्र राहतो. आणि लोक अडतात ते बहुधा तिथेच. क्रूस कचऱ्यात कसा टाकायचा?

कॅथलिक नियमांत पहिला भेद आशीर्वादित आणि साध्या वस्तूंचा आहे. 1983 च्या धर्मसंहितेचा नियम 1171 सांगतो की समर्पणाने किंवा आशीर्वादाने उपासनेसाठी राखलेल्या वस्तू आदराने हाताळाव्यात, त्या खासगी मालकीच्या असल्या तरीही अनुचित कामासाठी वापरू नयेत. धर्मगुरूने आशीर्वाद न दिलेली जपमाळ ही या नियमाच्या अर्थाने मण्यांची माळच. पाकिटातील बहुतेक वस्तू छापखान्यातून किंवा कारखान्यातून थेट आलेल्या असतात. आशीर्वादित असल्यास पत्रात ते ठळकपणे लिहिलेले असते, कारण ते लिहिण्यात संस्थेचा फायदा असतो. तेव्हा पत्र फेकण्याआधी एकदा वाचावे. साध्या वस्तूबाबत कोणतेही बंधन नाही. वर्तमानपत्रात छापलेल्या क्रूसाचा जसा विचार होत नाही, तसाच जाहिरातीच्या कागदावरील चित्राचा करण्याचे कारण नाही.

वस्तू आशीर्वादित असेल तर परंपरेने दोन मार्ग आहेत: जाळून राख मातीत पुरणे, किंवा वस्तूच पुरणे. कागदी चित्रे आणि गळ्यात घालायचे कापडी स्कॅप्युलर जाळता येतात. धातूची पदके पुरतात. अडचण प्लॅस्टिकची आहे, जे जाळणे घातक आणि पुरणे निरर्थक. इथे 1917 च्या जुन्या संहितेतील नियम 1305 उपयोगी पडतो: वस्तूची मोडतोड होऊन तिचे मूळ रूप नाहीसे झाले आणि ती वापरायोग्य राहिली नाही, की तिचा आशीर्वाद संपतो. सार्वजनिक विक्रीला ठेवल्यासही तो संपतो असे त्याच नियमात होते. आजची संहिता हे शब्द वापरत नाही, पण तर्क टिकून आहे. जपमाळेची कडी उघडून मणी सुटे केले, क्रूस वेगळा काढून मातीत ठेवला, तर उरते ते निव्वळ प्लॅस्टिक. भाविक मनाला हे करताना कसेसे वाटते खरे. ज्यांना वाटते त्यांनी ते काम धर्मगुरूवर सोपवावे. बहुतेक धर्मग्रामांत अशा वस्तू स्वीकारल्या जातात.

आशीर्वादाची देणगीशी सांगड घालणे मात्र चर्चच्या दृष्टीने गंभीर दोष आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शोमरोनातील सिमोन नावाचा जादूगार पेत्र आणि योहान यांना पैसे देऊन त्यांचे सामर्थ्य विकत घेऊ पाहतो आणि त्याला खरमरीत उत्तर मिळते. पवित्र गोष्टींच्या खरेदी-विक्रीचा दोष त्याच्याच नावाने ओळखला जातो. वस्तूची किंमत घेणे चालते, आशीर्वादाची नाही. आणि संतांचे अवशेष विकण्यास नियम 1190 ने पूर्ण मनाई आहे. या नियमाचा टपालातल्या पाकिटाशी संबंध असा की देणगी न पाठवल्याने जपमाळेचे पावित्र्य कमी होत नाही आणि पाठवल्याने वाढत नाही. तिच्यावर खुशाल प्रार्थना म्हणता येते. संस्थेचा लिफाफा रिकामा गेला म्हणून ती प्रार्थना उसनी ठरत नाही.

इतर धर्मांतही याच धर्तीचे विचार आहेत. अमेरिकेतील ज्यू संस्था नववर्षापूर्वी दिनदर्शिका पाठवतात. ज्या कागदावर ईश्वराचे हिब्रू नाव आहे तो फेकायचा नाही, सिनेगॉगच्या कोठीत साठवून मग दफनभूमीत पुरायचा, ही ज्यूंची रीत. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधील अशाच कोठीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखो कागदांचा खजिना केंब्रिजला पोहोचला. कोकणातील बेने इस्राएल कुटुंबांनाही ही रीत परकी नाही. मराठी हिंदू घरात कॅलेंडरवरचा दत्त आणि लग्नपत्रिकेवरचा गणपती वर्षाअखेरी हीच पंचाईत करतात. झाडाच्या पारावर फ्रेमा ठेवून येणे किंवा पुलावरून पाण्यात टाकणे ही त्यावरची रूढ, आणि पाण्याच्या दृष्टीने वाईट, तोड. वास्तविक प्राणप्रतिष्ठा न झालेली प्रतिमा ही पूजेची देवता नव्हे. निर्माल्य कलशात किंवा कागदाच्या रद्दीत ती गेली तर शास्त्राचा भंग होत नाही.

भेट चांगल्या अवस्थेत असेल तर टाकण्याची वेळच येऊ नये. चर्चच्या मागच्या बाजूला जपमाळा आणि प्रार्थनापत्रके मोफत ठेवण्याचे टेबल अनेक ठिकाणी असते. तुरुंगांत आणि रुग्णालयांत सेवा देणारे धर्मगुरू, परदेशी मिशनला सामान पाठवणारे गट, जुन्या वस्तूंची धर्मादाय दुकाने यांनाही त्या हव्या असतात. वर उल्लेखिलेल्या मराठी कुटुंबासाठीही हाच सरळ मार्ग: जवळच्या चर्चमध्ये नेऊन द्यावी. तिथे कोणी विचारपूस करत नाही. नाव-पत्त्याची लेबले बिनदिक्कत वापरावीत, नको असतील तर फाडून टाकावीत, कारण त्यांवर घरचा पत्ता असतो. काही पत्रांना नाणे चिकटवलेले असते, तेही पाठवणाऱ्याला परत करण्याची गरज नाही.

देणगी द्यायचीच असेल, तर ती भेटीमुळे देऊ नये. हे केवळ तत्त्व म्हणून नाही. त्यामागे काही जुने अनुभव आहेत. 1972 मध्ये ओमाहाच्या ‘सन’ या साप्ताहिक वृत्तपत्रसमूहाने दाखवून दिले की वर्षाला कोट्यवधी पत्रे पाठवून गरिबीची हाक घालणाऱ्या बॉइज टाऊनकडे 20 कोटी डॉलरांहून अधिक संपत्ती होती. वृत्तपत्र वॉरन बफे यांच्या मालकीचे होते आणि त्या लेखमालेला 1973 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. काही वर्षांनी बाल्टिमोरच्या पॅलोटाईन धर्मगुरूंचे प्रकरण उघडकीस आले. परदेशातील उपाशी मुलांच्या नावाने टपालाने जमवलेल्या सुमारे दोन कोटी डॉलरांपैकी तीन टक्क्यांहूनही कमी रक्कम मिशनला पोहोचली होती. बाकीचा पैसा टपालखर्चात आणि जमीनजुमल्यात गेला, आणि काही कर्ज मेरीलँडच्या तत्कालीन गव्हर्नरच्या घटस्फोटासाठीही. 1977 मध्ये अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी देणगी गोळा करण्यासंबंधी तत्त्वे जाहीर केली ती याच पार्श्वभूमीवर. साउथ डकोटातील आदिवासी मुलांच्या एका कॅथलिक निवासी शाळेच्या पत्रातले व्याकूळ मूल प्रत्यक्षात नव्हतेच, असे 2014 मध्ये सीएनएनने दाखवले. ती शाळा भेट म्हणून दोऱ्यांचे ‘ड्रीमकॅचर’ पाठवते. मुले प्रामुख्याने लाकोटा वगैरे सू जमातींची, आणि ड्रीमकॅचर मूळचा ओजिब्वे लोकांचा.

खर्चाचे प्रमाण सरकार ठरवून देऊ शकत नाही. 1980, 1984 आणि 1988 च्या तीन निकालांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देणगी मागणे हे अभिव्यक्ती-स्वातंत्र्यात येते असे सांगून टक्केवारीच्या मर्यादा रद्द केल्या. त्यातच चर्च आणि तिच्याशी संलग्न संस्थांना इतर धर्मादाय संस्थांसारखे वार्षिक विवरणपत्र करखात्याला भरावे लागत नाही, म्हणून ज्यांची पाकिटे सर्वांत जाड त्यांतल्या काहींचे हिशेब बाहेरून पाहताच येत नाहीत. जिथे पाहता येतात तिथेही एक मेख आहे. हिशेबाचे नियम एकाच पत्राचा खर्च ‘देणगी गोळा करणे’ आणि ‘मुख्य कार्य’ यांत विभागू देतात, अर्थात हेतू, वाचकवर्ग आणि मजकूर यांच्या कसोट्या लावून. प्रार्थनापत्रक घातलेले पाकीट ‘धर्मशिक्षण’ ठरू शकते. हिशेब मागवावा, आणि संस्था तो देत नसेल तर ते उत्तरच समजावे. अनोळखी लोकांना पाठवलेल्या पहिल्या पत्रांवर बहुधा तोटाच होतो. शंभरांतून एखाद-दुसरा उत्तर देतो आणि खरी कमाई तो पुढे वर्षानुवर्षे देत राहिला तर होते. म्हणून टोचणी शमवण्यासाठी पाठवलेले पाच डॉलर ही सर्वांत वाईट निवड. त्यांतून भेटीचा आणि टपालाचा खर्चही जेमतेम निघतो, आणि नाव ‘देणारा’ म्हणून नोंदले जाऊन आणखी दहा याद्यांत जाते.

पाकिटे थांबवण्यासाठी पत्रावरील नावाच्या पट्टीसह, तिच्यावरच्या क्रमांकासकट, संस्थेला लेखी कळवावे: नाव काढा, किंवा वर्षातून एकदाच पत्र पाठवा आणि भेटी नकोत, आणि नाव इतरांना देऊ नका. शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची, आणि ती पहिल्याच देणगीसोबत लिहिलेली बरी. छपाई आगाऊ झालेली असल्याने दोन-तीन महिने पाकिटे येतच राहतात. न उघडलेल्या पाकिटावर ‘नाकारले’ असे लिहून ते टपालपेटीत टाकण्याने मात्र काही साधत नाही. सवलतीच्या दराचे ढीगटपाल पाठवणाऱ्याकडे परत जात नाही, टपाल खाते ते नष्ट करते. टपालखर्च भरलेल्या परतीच्या पाकिटात जपमाळ कोंबून पाठवली तर खर्च संस्थेला पडतो, पण यादीतले नाव तसेच राहते. त्या पाकिटाला वीट बांधून पाठवण्याची जुनी अमेरिकन युक्ती तर टपाल खाते सरळ कचरा मानते.

सर्वांत अधिक भेटी जमतात त्या वृद्धांच्या घरी, कारण त्यांनीच आयुष्यभर टपालाने देणग्या दिलेल्या असतात आणि न देण्याचा अपराधभाव त्यांनाच जास्त. ब्रिटनमध्ये 2015 मध्ये ब्रिस्टलच्या ऑलिव्ह कुक या माजी सैनिकांच्या मदतीसाठी कागदी पॉपीची फुले विकणाऱ्या 92 वर्षांच्या बाईंच्या मृत्यूनंतर यावर मोठी चर्चा झाली. कुटुंबाने मृत्यूचा दोष संस्थांना दिला नाही, पण 99 संस्थांकडे त्यांचा पत्ता होता असे चौकशीत निघाले. 2016 मध्ये देणगी गोळा करण्यावर देखरेख ठेवणारी नवी नियामक संस्था आली. संस्थेने पाकिटात घातलेली वस्तू मुख्यतः पैशाबद्दल अपराधी वाटायला लावण्यासाठी किंवा ओशाळे करण्यासाठी नसावी, असे तिच्या आचारसंहितेत म्हटले होते. 2017 पासून निवडक संस्थांचा संपर्क एका अर्जाने बंद करता येतो आणि हा अर्ज वृद्ध नातेवाइकांच्या वतीने दुसरी व्यक्तीही करू शकते. अमेरिकेत सरकारी पातळीवर अशी सोय नाही. टपाल-जाहिरात व्यवसायाच्या संघटनेची खासगी नोंदणी आहे आणि मृतांची नावे कळवण्यासाठी वेगळी यादी आहे, पण ज्या संस्थांना पूर्वी देणगी गेली आहे त्यांना वारसांनी एकेक करून लिहावे लागते.